पायरीवरचं वजन

जुनी कॅरॅव्हान, म्हणजे मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर, घ्यायची तर आधी नाकाने घ्यावी, असं गॉर्डनचं मत. लिनेटचा हा धाकटा भाऊ जन्मात कधी तंबूतसुद्धा झोपला नव्हता. पण त्या सकाळी ग्रॅन्थमजवळच्या एका घराच्या अंगणात तो कपाटांत डोकं खुपसून ओल हुंगत होता, भिंतींवर टकटक करत होता, जमीन कुठे मऊ लागते का ते टाचेने दाबून बघत होता. ओल नव्हती. पडदे धुतलेले होते, बाकांवरच्या गाद्या नीट झटकलेल्या होत्या.

"लिन, नाव ठेवायला काही सापडत नाही बघ," तो म्हणाला. त्याचा त्याला जरा रागच आलेला दिसला.

लिनेटला काही वाटलं नाही. रॉय गेल्यापासून तिला काहीच वाटत नव्हतं. नवऱ्याच्या अंत्यविधीलाही तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. शेजारणींनी आणून दिलेलं जेवण ती वेळच्या वेळी खायची, भांडी घासून परत करायची. निवृत्त झालो की कॅरॅव्हान घेऊन समुद्राकाठी लावायची, हे रॉयचं वेड. निदान तिच्यात जाऊन बसलं तर आत काहीतरी हलेल, आपल्याला रडू येईल, एवढ्या आशेवर ती आली होती.

विकणाऱ्या हॅक्स्बीबाई चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या, पण कॅरॅव्हानजवळ काही गेल्या नाहीत. नवऱ्याची होती, तो वारला, एवढंच सांगितलं. व्यवहार झाल्यावर मात्र त्यांनी विचारलं, "तुम्ही एकट्याच राहणार का हो?"

"हो."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि किल्ली हातात न देता ट्रेमध्ये ठेवून पुढे केली.

गॉर्डनने गाडी लिंकनशरच्या किनाऱ्यावर ओढत नेली. वाळूच्या उंचवट्यामागे एका शेतात चार-दोन कॅरॅव्हान उभ्या होत्या, तिथे लावून दिली. कोपऱ्यांवरचे टेकू खाली सोडले, गॅस जोडला, हवेला शिव्या घातल्या आणि तो घरी गेला.

कॅरॅव्हान अंगाने हलकी. पायरीवर कुणी पाय ठेवला की ती दाराकडे किंचित कलते, माणूस आत आला किंवा खाली उतरला की परत सरळ होते. आत बसलेल्याला न बघता कळतं, कोणीतरी आलं किंवा गेलं. पहिल्याच दुपारी लिनेट बटाटे सोलत होती, तेव्हा गाडी कलली आणि सरळ झाली. तिने बाहेर डोकावलं. शेत रिकामं होतं.

तिने भावाला फोन लावून टेकू सैल ठेवल्याबद्दल झापलं. त्यानेही पाना कसा फिरवायचा ते सांगता सांगता तिची अक्कल काढली. तिने चारही टेकू जोर लावून आवळले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी गाडी पुन्हा कलली. समोरच्या खिडकीखालच्या बाकाची गादी हळूहळू दबली. पाइपच्या तंबाखूचा वास आला, जुना, गोडसर. आता आपण घाबरायला हवं, असं लिनेटच्या मनात आलं. पण भीतीही आली नाही.

"रॉय...?"

गादी कुरकुरली.

तो रॉय नव्हता. रॉयला धुराने ठसका लागायचा. शिवाय त्याचे गुडघे दुखरे, तो कुठेही गेला तरी दारालगतच टेकायचा. हा सरळ आतल्या खिडकीशी गेला होता, ठरलेल्या जागी जावं तसा. लिनेटला हे पक्कं कळत होतं. पण गावातल्या घरात इतक्या महिन्यांत समोर कोणी बसलं नव्हतं.

"ये, रॉय..." ती हळूच म्हणाली. "बस."

मग तो रोज येऊ लागला. ती दोन कप मांडायची. कुंपणाची झाडं वाढल्याचं, गॉर्डनच्या कंबरेचं, असलं काहीबाही सांगत बसायची आणि दर वाक्याला रॉय, रॉय म्हणायची. एका दुपारी तिच्या शेजारची गादी दबली. तिने सरकून जागा करून दिली.

आठवडाभराने पाऊस लागला होता. गॅसवर शिटीची किटली ठेवून ती बादलीतलं खरकटं पाणी ओतायला बाहेर आली. शेजारच्या कॅरॅव्हानमधला टेरी, निवृत्त ट्रक ड्रायव्हर, कुत्र्याला फिरवून परतत होता.

"तुमचे मिस्टर फारच संकोची बुवा," तो म्हणाला.

"माझे...?"

"रोज दुपारी कुंपणापाशी उभे असतात. गुडघ्यांचा त्रास दिसतो, तारेला धरून असतात. आज भिजत होते, म्हणून म्हटलं, अहो, स्वतःच्या गाडीत जायला लाज कसली?"

लिनेटच्या हातातली बादली कलंडली. "काय म्हणाले?"

"म्हणाले, आत माझ्या नावाचा कोणीतरी बसलाय." टेरी हसायला गेला, पण तिचा चेहरा बघून थांबला. "मला वाटलं, थट्टा करतायत..."

"आता कुठे आहेत?"

त्याने समुद्राकडे हात केला. "आत्ताच गेले. आता यायचं नाही म्हणाले."

ती घरातल्या सपातांतच धावली. वाळूचा उंचवटा चढताना एक सपात मागे राहिली. वर पोचली तेव्हा ओहोटीचा किनारा लांबच्या लांब पसरला होता, आणि त्यावर कोणीही नव्हतं.

मग तिला रडू फुटलं. इतके महिने अडलेलं सगळं एकदम वर आलं, छातीत दुखेपर्यंत. तिला तो हवा होता, त्याचे दुखरे गुडघे, त्याचा ठसका, तोच हवा होता. तिने होता नव्हता तेवढा जीव एकवटून हाक मारली.

"रॉय..."

समुद्राकडून काही आलं नाही. मागे शेतात किटलीची शिटी वाजत होती, ती मध्येच बंद झाली.

लिनेटने वळून पाहिलं. तिची कॅरॅव्हान दाराच्या बाजूला हळूच कलली, आणि परत सरळ झाली.