दाराशी पडलेल्या बाटल्या

ही गोष्ट मी माझ्या सख्ख्या भावाविरुद्ध लिहिते आहे. खोटंच लिहायचं असतं, तर दुसऱ्या कोणाविरुद्ध लिहिलं असतं.

वार मंगळवार. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन.

जागा आमच्या आईचं घर. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि पॅसेजच्या टोकाला बाथरूम.

असलं काही रात्रीच घडतं, असं मलाही वाटायचं.

आधी थोडं मागचं सांगते.

आई गेली तेव्हा मी दुसऱ्या शहरात नोकरीला होते. आठ महिने घरी फिरकले नव्हते. आईचं कमरेचं हाड मोडलं होतं. धरून धरून चालायची. तिचं सगळं दादाच करत होता. वहिनी आणि मुलं पलीकडच्या गल्लीत, आणि हा दोन घरांत वाटला गेलेला. मी नुसती फोनवर 'जेवलीस का?' विचारणारी लेक.

मग एका संध्याकाळी दादाचा फोन आला.

"चिमे, आई गेली गं. मी आत्ता आलो, बघतो तर... दुपारी जरा पडली होती, झोपेतच गेली. काही त्रास झाला नाही तिला."

त्या एका वाक्यावर मी वर्ष काढलं. रडू आलं की तेच वाक्य मनात म्हणायचे. झोपेतच गेली... झोपेतच गेली.

पुढे माझी बदली इकडे झाली. तोवर दादाने घर रंगवून घेतलं होतं, आणि एक-दोन दिवस राहायला येणाऱ्या पाहुण्यांना ते द्यायला सुरुवात केली होती. बुकिंग तो बघायचा. साफसफाई आणि बाथरूममधलं सामान माझ्याकडे.

ते सामान मी मनापासून ठेवायचे. साबणाची वडी, शाम्पूच्या बोटभर बाटल्या, टूथब्रश आणि पेस्ट, कंगवा, दाढीचं रेझर. सगळं एका वेताच्या परडीत घालून आरशाशेजारच्या फळीवर. प्रवासाला निघालेला माणूस पाकीट विसरत नाही, पण ब्रश हमखास विसरतो. तो समोर दिसला की त्याला वाटावं, इथे कोणीतरी आपली वाट बघत होतं.

दादा हसायचा. "चिमे, पाहुणे आहेत की जावई?"

पहिली तक्रार एका नवरा-बायकोची आली. 'घर छान. फक्त बाथरूममधलं सामान जमिनीवर का ठेवता? बाटलीवर पाय पडून मी घसरणार होते.'

मी त्या बाईंना फोन केला. "तुम्ही परडी खाली काढली होती का?"

"नाही हो. फळीवर नुसती परडी होती. बाटल्या खालीच होत्या. दाराशी."

म्हटलं, लोक काहीही सांगतात.

पण पुढच्या पाहुण्यांच्या वेळीही तेच. त्याच्या पुढच्याही.

मग मी एकदा परडी नीट भरली, फोटो काढला आणि घर बंद करून गेले. त्या रात्री कोणीच राहायला नव्हतं. सकाळी जाऊन पाहिलं...

परडी फळीवरच. रिकामी.

साबण, बाटल्या, कंगवा, सगळं खाली. दाराच्या आतल्या बाजूला.

"उंदीर असेल," दादा म्हणाला.

"उंदीर शाम्पू लावतो होय रे?"

तो हसला. मी पुढे म्हणाले, "आणि सगळं दाराशीच पडतं बघ. जणू कोणी..."

त्याने मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाला, "तू ते सामान ठेवणंच बंद कर. आणतात लोक आपापला साबण."

इतकी वर्षं मी त्याला ओळखते. तो नजर चुकवत होता.

मी ऐकलं नाही. सामान ठेवत राहिले. मग एक एक दिसायला लागलं.

साबणाच्या नव्या वडीचा एक कोपरा चेपलेला असायचा. चेपलेल्या जागी दाराचा निळा रंग लागलेला.

आणि दाराला आतून, जमिनीपासून वीतभर उंचीवर... पांढुरके डाग. साबणाचे. एकावर एक.

मी ते पुसायचे. ते पुन्हा उमटायचे.

आता तो मंगळवार.

अकराला आधीचे पाहुणे गेले होते. नवे सहाला येणार होते. बाथरूम धुऊन, परडी भरून, फरशी वाळावी म्हणून दार मी सताड उघडं ठेवलं, आणि आतल्या खोलीत चादर बदलायला गेले.

घरात मी एकटी. बाहेरच्या दाराला आतून कडी.

ठक्.

वाटलं, वरच्या मजल्यावर काही पडलं.

ठक्...

नाही. आवाज आपल्याच घरातला.

मी चादर हातात धरून पॅसेजमध्ये आले.

बाथरूमचं दार बंद होतं.

ठक्... थोडा वेळ काही नाही... ठक्. खूप खालून येत होता आवाज. हातात जोर नसलेल्या माणसाने काहीतरी फेकावं, तसा.

"कोण आहे?" मी विचारलं.

आवाज थांबला.

आणि मग...

ठक्ठक्ठक्ठक्! एकामागून एक. घाईघाईने. बाहेर कोणीतरी आहे, कोणीतरी ऐकलं, हे कळल्यावर माणूस करेल तसे.

मी धावले. दार आत ढकललं. चार बोटं उघडलं आणि अडलं. पलीकडे काहीतरी होतं. जड. पण लाकडासारखं नाही, दगडासारखं नाही. रेटलं की थोडं दबणारं.

"थांबा, मी आहे, मी आहे!" मी ओरडत होते.

दार एकदम सैल झालं. मी आत जवळजवळ पडलेच.

आत कोणी नव्हतं.

फरशी कोरडी. खिडकी बंद. बाटल्या, कंगवा, रेझर, सगळं दाराशी. साबणाची वडी उचलली...

ती ओली होती. आणि कोमट. कोणाच्या तरी मुठीतून आत्ता सुटल्यासारखी.

मी तिथेच जमिनीवर बसले. तिथून वर पाहिलं तर नळ लांब, कडी लांब, खिडकी तर आभाळात. इथे पडलेल्या माणसाला उठता येत नसेल, तर त्याच्या हाताला काय लागेल? अंघोळीचं चिल्लर सामान. आई स्टुलावर बसून अंघोळ करायची. तिचा साबण, तेलाची बाटली, कंगवा, सगळं खाली फरशीवर हाताशी असायचं.

मी घराला कुलूपही न लावता वर धावले. वरच्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांचं मशीन दिवसभर चालू असतं.

"बाई, खालून आवाज आला का आत्ता तुम्हाला? ठकठक?"

त्यांनी मशीन थांबवलं. "आत्ता नाही गं. पण तुझी आई गेली ना, त्या दुपारी आला होता. बराच वेळ. मी म्हटलं तुझा दादा काहीतरी ठोकतोय."

"दादा कुठला? दादा संध्याकाळी आला होता. आई झोपेत..."

"संध्याकाळी?" बाईंनी चष्मा काढला. "स्कूटर तर दुपारपासून खालीच होती त्याची. आणि झोपेत कशी, बाथरूममधूनच तर काढलं तिला. मीच नाही का चादर दिली..." आणि माझ्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या. "तुला माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं.

पाच वाजता दादा आला, पाहुण्यांसाठी पाण्याच्या बाटल्या घेऊन. मी बाहेरच्या खोलीत बसले होते.

"झालं का सगळं?" त्याने विचारलं.

"आई गेली त्या दुपारी तू इथेच होतास."

त्याने बाटल्या हळूच खाली ठेवल्या.

"कोणी सांगितलं?"

'खोटं आहे' म्हणाला नाही तो. 'वेडी झालीस का' म्हणाला नाही. कोणी सांगितलं, एवढंच.

"दादा, ती दार ठोकत होती."

तो सोफ्यावर बसला. जमिनीकडे बघत बोलायला लागला.

"दोन वर्षं, चिमे. उठवायचं, बसवायचं, धुवायचं, पुसायचं. दिवसातून वीसदा हाक. टॉवेल सरकला तरी हाक. त्या दिवशी तिला अंघोळीला बसवून मी जेमतेम टेकलो होतो. मॅच लागली होती. आवाज आला. म्हटलं, पाच मिनिटं. फक्त पाच मिनिटं बसतो, मग उठतो."

"आणि?"

"टीव्हीचा आवाज वाढवला."



"किती वेळ, दादा?"

त्याने पाण्याची एक बाटली उगाच सरळ करून ठेवली.

"किती वेळ ठोकत होती ती?"

"मॅच संपली तेव्हा लक्षात आलं... आवाज थांबलाय."

मी त्याला मारलं असतं. खरंच मारलं असतं. लहानपणी ज्याचं बोट धरून शाळेत गेले, त्याच माणसाने मला वर्षभर एक खोटं वाक्य उशाला दिलं होतं, आणि मी त्यावर डोकं ठेवून झोपत होते. आणि वर त्याच बाथरूममध्ये मला साबण ठेवायला लावला होता.

त्याने मान वर केली. डोळे लाल झाले होते.

"मला बोल लावशील. लाव. पण एक ऐक. ती हाका मारत होती ना, त्या मला नव्हत्या. चिमे, चिमे... तुझ्या नावाने ओरडत होती. दोन वर्षं केलं मी, आणि मरताना हाक तुला."

हे खरं की मला जन्मभर टोचावं म्हणून बोलला, मला आजही कळलेलं नाही.

मी काही बोलणार, तेवढ्यात...

ठक्.

पॅसेजच्या टोकाकडून.

मी दादाकडे पाहिलं. त्याने ऐकलं होतं. शपथेवर सांगते, त्याने ऐकलं होतं. त्याचे खांदे आखडले.

ठक्...

त्याचा हात सावकाश बाजूला सरकला. टेबलावरचा रिमोट त्याने उचलला.

आणि टीव्ही लावला.

मी उठले. बाथरूमकडे जायला हवं होतं. माझीच आई होती ती. पण पाय बाहेरच्या दाराकडे वळले. चावी टेबलावर टाकली आणि जिना उतरले. खालपर्यंत टीव्हीचा आवाज येत होता.

त्यानंतर तीन महिने आम्ही बोललो नाही. मग मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला. वहिनीने करायला लावला असणार.

इकडचं तिकडचं झालं. मग तो स्वतःच म्हणाला, "घराचं चांगलं चाललंय हं. आता एकही तक्रार नाही."

मी विचारलं, "आवाज?"

"नाही. बंद."

"कसा बंद झाला?"

"काही नाही गं. परडी काढूनच टाकली. शाम्पू, साबण, सगळ्याचे डबे भिंतीला स्क्रूने पक्के बसवून घेतले. दाबलं की येतं. चांगले खांद्याइतक्या उंचीवर. आता सुटं, हाताला लागेल असं काही ठेवलेलंच नाही."

गळका नळ दुरुस्त झाला, असं सांगावं तशा आवाजात.

मी फोन ठेवून दिला.

घर अजून चालू आहे. पाहुणे येतात, जातात. बुकिंगच्या साइटवर त्यांनी लिहिलेलं मी रोज उघडून वाचते. सगळे एकच लिहितात. शांत जागा. एकदम शांत.

आवाज थांबला म्हणजे आई सुटली... की अजून तिथेच पडून कोरड्या फरशीवर हात फिरवते आहे, मला माहीत नाही.

जाऊन बघायला हवं. पण चावी मी स्वतःच्या हाताने देऊन आले आहे... आणि खरं सांगायचं तर, परत मागायची माझी हिंमत होत नाही.