मागे कोणी नाही

आमच्या स्पोर्ट्स कार क्लबातल्या माणसांचं सरासरी वय आणि त्यांच्या गाड्यांचा सरासरी वेग, दोन्ही सत्तरच्या घरात आहेत. मी तेवीस वर्षांचा, त्यामुळे दोन्ही सरासऱ्या बिघडवतो. टुसॉनहून निघायचं, वाळवंटातून निवडुंग बघत पश्चिमेला जायचं, हायवेवरच्या डायनरमध्ये, म्हणजे साध्या खाणावळीत, जेवून परत यायचं. निवडुंग दरवेळी तेच असतात.

नियम एकच. फाटा आला की सगळ्यांनी थांबायचं आणि वॉकीटॉकीवर पुढून मागे एकेकाने सांगायचं, "मागचा दिसतोय." शेवटच्याने म्हणायचं, "मागे कोणी नाही." ते ऐकल्याशिवाय पहिली गाडी हलत नाही. नियम माझ्या डॅडचा. पहिली गाडीही त्याचीच: हिरवी, बिनटपाची, डावा दिवा निळ्या चिकटपट्टीने तगवलेला.

हिवाळ्यात डॅडच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. शेवटच्या गाडीत मी असेन, या अटीवर मॉमने त्याला सोडलं.

"जसा नेतोयस तसा आण, रस्टी."

"उन्हात थोडा सुकेल," मी म्हणालो. मॉम हसली नाही.

निघताना डॅडने मला बजावलं, "आरशात बघून बोलायचं. अंदाजपंचे नाही."

"मीच शेवटचा आहे, डॅड. बघायचं काय?"

"ते बघितल्यावर कळतं."

फाट्यावर थांबलो तेव्हा डांबर मऊ झालं होतं. वारा नव्हता. एकेक आवाज मागे सरकत आला. माझ्या पुढच्या गाडीत क्लबाची सेक्रेटरी बर्नीस. ती म्हणाली, "मागचा दिसतोय. दुर्दैवाने."

मी बटण दाबलं आणि आरशात पाहिलं.

मागे गाडी उभी होती. हिरवी, बिनटपाची. डाव्या दिव्यावर निळी पट्टी.

मी मान वळवून पाहिलं. आरशाची चूक नव्हती. डॅडची मळकी टोपी ओळखू येत होती. तिच्या सावलीत चेहरा नव्हता दिसत. रस्ता पुढे वळत असल्याने मला रांगेचं दुसरं टोकही दिसत होतं. तिथेही हिरवी गाडी, तीच टोपी.

"डॅड, तू कुठे आहेस?"

"सगळ्यात पुढे. आणखी कुठे असणार?" त्याला धाप लागली होती. "बोल लवकर. तापलंय इथे."

"रस्टी, गंमत पुरे," दुसऱ्या गाडीतला लोवेल म्हणाला. "तुझ्या डॅडने छातीवर हात ठेवलाय."

"डॅड, तसाच नीघ ना!"

"नियम आहे."

"नियम तुझाच आहे!"

"म्हणून तर."

मागच्या माणसाने हात वर केला. वर्गात हजेरीला मुलं करतात तसा.

वॉकीटॉकीवर आता फक्त डॅडचा श्वास येत होता.

मी त्या हाताकडे बघत म्हणालो, "मागे कोणी नाही."

पुढची हिरवी गाडी हलली. मग सगळ्या हलल्या.

मागची हलली नाही.

त्या माणसाने हात हळूच खाली घेतला.

डायनरपाशी मी धावतच डॅडकडे गेलो. तो छान दिसत होता. धाप नाही, घाम नाही. मी त्याला मिठी मारली. त्याचा शर्ट गार होता, फ्रिजमधून काढल्यासारखा.

"छाती कशी आहे?"

"काहीच वाटत नाही," तो म्हणाला.

बर्नीस त्याच्या शेजारून गेली. दर रविवारी ती त्याच्या टोपीला नावं ठेवते. आज काही बोलली नाही.

वेट्रेस दार धरून उभी होती. बर्नीस आत गेली. लोवेल गेला. मी गेलो. माझ्या पाठोपाठ डॅड येत होता.

वेट्रेसने माझ्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. नीट पाहिलं.

मग दार सोडून दिलं.

काचेपलीकडे डॅड थांबला होता. त्याने दाराला हात लावला नाही. हात वर केला.

"मागचा दिसतोय," मी म्हणालो. मग ओरडलो, "मागचा दिसतोय!"

डायनरमधले चमचे थांबले. बर्नीसने वळून दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कोण रे?"

काचेपलीकडे डॅडने हात हळूच खाली घेतला.