नऊ मिनिटं मागे

दुपारी बाराच्या सुमारास तिनं हॉलचं कुलूप काढलं. एका खांद्याला फडक्यांची पिशवी, दुसऱ्या खांद्यावर चार महिन्यांचं पोर. रोजचंच काम होतं, झाडायचं, पुसायचं आणि घरी जायचं.

हॉल म्हणजे पूर्वीचा कसलासा कारखाना. आता तिथे चाळीस जणांचा ताफा वाजवायचा. मोठाले ढोल, तेलाची रिकामी पिंपं, लोखंडी पत्रे, गाड्यांच्या स्प्रिंगा, आणि मधोमध वायरींच्या जंजाळात एक मशीन. त्यात ना गाणं, ना ओळखीचा ठेका. तिचा नवरा हसायचा, "पत्रे बडवतात आणि लोक तिकीट काढून येतात. तू घरी भांडी आपटतेस, ते आम्ही फुकटच ऐकतो." आता तोही कामासाठी परगावी होता. पंधरा दिवसांनी एकदा यायचा. भांडी आपटावीत तरी कुणासाठी, असं झालं होतं तिला.

ताफा कार्यक्रमाला गेला होता. जाताना मशीनवाल्या दादानं तिला मशीनवरचा लाल दिवा दाखवला होता.

"ताई, हे चालूच राहू द्या. नवीन काही बसवायच्या आधी आम्ही याला रिकामा हॉल ऐकवतो, दिवसभर. जे ऐकेल ते नऊ मिनिटांनी परत वाजवेल. घाबरू नका."

"आणि माझा झाडू?"

"वाजू द्या की. कार्यक्रमात घेऊ तुम्हाला."

प्रत्येक ढोलाच्या कातड्याला रुपयाएवढा एक कान चिकटवलेला होता. कानच म्हणायचे ते त्याला. मुंगी चालली तरी त्याला कळतं म्हणे.

फरशी गारठलेली होती. तिनं सगळ्यात मोठ्या, आडव्या ठेवलेल्या ढोलावर शाल दुमडून पसरली आणि झोपलेल्या पोराला अलगद ठेवलं. ढोलाची कड चांगली वीतभर उंच, त्यामुळे पडायची भीती नव्हती. तरी ती थोडा वेळ वाकून बघत राहिली. पोर सातव्या महिन्यातच जन्मलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "झोपेत कधीकधी श्वास घ्यायचा विसरतो तो. पंधरा आकडे मोजा. नाही घेतला तर तळपायाला टिचकी मारा, आठवेल त्याला." तेव्हापासून तिची झोप म्हणजे नुसती मोजणी झाली होती. एक, दोन, तीन... आणि बोलायला घरात भिंती.

तिनं झाडायला घेतलं. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या जाड फोमनं बुजवलेल्या, त्यामुळे भर दुपारी आत अंधारच. एकच दिवा मिणमिणत होता. जुन्या तेलाचा आणि कातड्याचा वास नाकात बसत होता. मग ती बादली घेऊन मागच्या मोरीत गेली. नळाला धार करंगळीएवढी. बादली भरेपर्यंत तिनं फडकी धुतली, पिळली.

परत आली तेव्हा भिंतींवरच्या स्पीकरांतून तिचाच झाडू वाजत होता. सर्र... सर्र... तिला गंमत वाटली. कित्येक दिवसांनी घरकामात कुणाची सोबत मिळाल्यासारखी. झाडूच्या मागे एक बारीक आवाज होता, आत-बाहेर, आत-बाहेर. पोराचा श्वास. ढोलानं तो मोठा करून सांगितला होता. एवढा स्वच्छ तिनं कधीच ऐकला नव्हता. हॉलच्या या टोकाला पत्रे पुसता पुसता ती ऐकत राहिली.

स्पीकरात झाडू थांबला. बादलीची कडी वाजली. तिची पावलं मोरीकडे गेली. लांबवर नळाची धार पडू लागली.

आत-बाहेर. आत...

पुढचा आलाच नाही.

तिचे ओठ आपोआप मोजू लागले. सहा. सात. आठव्याला फडकं हातातून गळलं. ती पिंपांना धडकत ढोलापाशी पोचली. पोर गुलाबी होतं, छाती हलत होती, मुठी उघडत-मिटत होत्या. तिनं त्याला उचलून घट्ट धरलं. आत्ता तो घेत होता श्वास. पण स्पीकरातला घेत नव्हता.

तेरा. चौदा. पंधरा.

लांबवर नळ वाहतच होता. म्हणजे त्या वेळी ती मोरीत होती. फडकी पिळत होती. आणि इथे...

एकोणीस. वीस.

पोर कुशीत जिवंत, आणि भिंतीतून त्याचं मरण ऐकू येत होतं.

तेविसाव्या आकड्याला आवाज आला. टिचकी. मऊ, ओल्या कातडीवर मारल्यासारखी. मग आणखी एक. मग शालीची सळसळ, आणि ढोलावर कुणीतरी हलकेच थापटल्याचा आवाज, बायका थापटतात तसा. नळ अजून वाहत होता.

श्वास आला. खोल, फाटका, रडायच्या बेतात आलेला. पुन्हा आत-बाहेर.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. भीतीचं होतं की कसलं, तिचं तिला कळेना. चार महिन्यांत तिच्या लेकरासाठी दुसऱ्या कुणी हात पुढे केला नव्हता.

"कोण आहे इथे?" ती पुटपुटली. "बाई... कोण आहात?"

लाल दिवा तेवढा जळत होता. तिनं पोराचं पाऊल हातात घेतलं. तळव्यावर दोन लाल ठिपके होते, ताजे. तिनं त्यांवर ओठ टेकले.

तेवढ्यात स्पीकरात कुणीतरी बोललं. थकलेला, हळू बाईचा आवाज, ढोलाला तोंड लावून बोलल्यासारखा. आधी तिला वाटलं, पोरालाच काही म्हणत असेल. पण पोराशी असं कुणी बोलत नाही; ढोलापलीकडे आणखी कुणी उभं असावं, तसा तो सूर होता.

"तू मागे हो," तो आवाज म्हणाला. "आज नाही... आज मी आहे इथे."

आणि स्पीकरात, ढोलाच्या दुसऱ्या कडेवरून कुणीतरी टेकवलेला हात उचलावा तसं, कातडं हळूच सैल झाल्याचं ऐकू आलं.