ढेऱ्या गुहेतच राहिला

पटलं नाही तर सोडून द्या. पण बनवलेली गोष्ट म्हणू नका. यात माझे अण्णा आहेत, आणि त्यांच्यावर मी गोष्टी बनवणार नाही.

गेल्या हिवाळ्यातला रविवार. संध्याकाळची वेळ. आमची तिसऱ्या मजल्यावरची बाहेरची खोली. मी इस्त्री करत होते, अण्णा खुर्चीत, समोर टीव्ही.

माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, हयातभर बस चालवली. मग डोळे गेले. आधी नजरेच्या कडा गेल्या, मग माणसं गेली, मग उजेडही गेला. तेव्हापासून टीव्ही ते ऐकायचे, आणि काय दिसतंय ते मी सांगायचे.

त्यांचा जीव एका मालिकेत अडकला होता. डोंगरातल्या बंडखोरांची दंतकथेतली टोळी. सरदार देखणा, घोडे उमदे, तलवारी लखलखीत. पण अण्णांचा लाडका होता ढेऱ्या... टोळीचा पोट सुटलेला, सतत धापा टाकणारा पहारेकरी.

"हा माझ्या जुन्या गाडीसारखा," म्हणायचे. "चढ आला की इंजिन गरम."

आदल्या रविवारी ढेऱ्याच्या मांडीत बाण घुसला. सरदारानं त्याला एका गुहेत भिंतीला टेकवून बसवलं. म्हणाला, "उजाडायच्या आत न्यायला येतो."

तो आठवडा अण्णांनी कसा काढला ते मलाच माहीत. गोळी घेताना तेच, दाढी करताना तेच.

"येईल ना गं तो न्यायला?"

"येईल हो अण्णा. नायक आहे तो."

"नायकांचं काही सांगू नकोस. त्यांचं लक्ष आरशात."

आणि आला शेवटचा भाग.

जाहिरातीत म्हटलं होतं, अखेरची लढाई! लढाई कुठली... अर्धा वेळ जुनीच दृश्यं. मग सरदार राजाच्या बागेत गेला, राजानं माफी दिली, दोघांनी मिठी मारली. एक गाणं झालं. पडद्यावर नावं सरकायला लागली. सीझन संपला.

ढेऱ्याचं कुणी नावसुद्धा काढलं नाही.

लिहिणारे त्याला चक्क विसरले होते.

अण्णा खुर्चीच्या कडेवर आले होते. "आणलं का त्याला?"

तो चेहरा बघून खरं बोलायला माझी जीभ रेटेना. "आणलं ना. तो काय मागे उभा आहे. हसतोय."

"लबाड," ते हळूच म्हणाले. "मग त्याची धाप कुठे गेली?"

मी टीव्ही बंद केला.

खोली गप्प झाली. आणि मग...

टप्.

टप्... टप्...

स्वयंपाकघरातला नळ बघितला. कोरडा. न्हाणीघर बघितलं. तिथेही काही नाही. परत आले, तर आवाज टीव्हीतून येत होता. बंद टीव्हीतून. दगडावर पाणी ठिबकावं तसा.

आणि त्या ठिबकण्याच्या मागे... कुणीतरी धापा टाकत होतं.

मी प्लगच उपटला.

धाप थांबली नाही.

"ऐकलंस?" अण्णा म्हणाले. "तिथेच बसलाय बिचारा."

"अण्णा, खोटं असतं ते सगळं. तो नट एव्हाना घरी जेवायला बसला असेल."

"नट गेला गं घरी. ढेऱ्या कुठे गेला?"

मी हातातला प्लग खाली टाकला.

"मी आयुष्यात कधी स्टॉपवर माणूस ठेवून गाडी काढली नाही," अण्णा म्हणाले. "कुणीतरी जायला हवं." आवाज अगदी साधा. कोपऱ्यावरून दूध आणायला निघाल्यासारखा.

दार उघडून मी जिन्यापर्यंत गेले. "काका, जरा वर येता का?" खालच्या शेजाऱ्यांना एवढीच हाक मारली आणि मागे वळले.

आत आवाज नव्हता. पाण्याचा नाही. धापेचा नाही.

अण्णांचाही नाही.

ते खुर्चीतच होते. मान टीव्हीकडे. दोन्ही हात पुढे... कुणाला काखेत धरून उठवावं तसे.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. असेलही. पण अण्णांच्या पायजम्याचे गुडघे ओले होते. त्या कापडाला ओल्या दगडाचा वास येत होता. आणि अण्णांना तर कित्येक महिन्यांत गुडघे टेकवता आले नव्हते.

खूप रडले. रडून झालं की मनाला एकच सांगायचे, निदान तो ढेऱ्या तरी सुटला असेल.

मग बातमी आली. शेवट बघून लोकांनी शिव्या घातल्या होत्या. मालिका गुंडाळली. पुढचा सीझन होणार नाही.

म्हणजे ती गुहा आता कुणीच लिहिणार नव्हतं.

त्याच संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते...

टप्.

प्लग तेव्हापासून काढलेलाच होता.

धाप होती. आणि तिच्या शेजारी दुसरा श्वास. सोडताना नाकात बारीक शीळ वाजणारा. त्या श्वासाच्या उशाशी मी रात्री जागवल्यात. माझी ओळखायला चूक होणार नाही.

अण्णा त्याच्यापर्यंत पोचले होते. पण दोघं बाहेर पडले नव्हते.

पडणार कसे? अण्णांना दिसत नाही. ढेऱ्याला डोळे आहेत, पण तिथे उजाडलेलंच नाही. पुढची सकाळ कुणी लिहिलीच नाही.

आता दर रविवारी त्या काळ्या काचेआडून हाक येते. दमलेली. मायेची.

"सांग ना गं... पुढे वाट आहे की दरी?"

मी काचेला कपाळ टेकवून बघते. डोळे दुखेपर्यंत बघते. काही दिसत नाही. आणि या वेळी मनानं काही सांगायची सोय नाही. माझ्या शब्दावर अण्णा खरंच पाऊल टाकतील, पाठीवर त्याला घेऊन.

"सांगते अण्णा," मी म्हणते. "जरा थांबा."

आणि ते दोघं थांबतात.