ठळक फक्त गेलेला

हे घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, मी कुणाच्या विनवण्या करणार नाही. दोब्रिन्का माझी सख्खी मावसबहीण. तिनं मला हे सांगितलं तेव्हा ती थरथरत नव्हती, रडतही नव्हती. म्हणूनच मी विश्वास ठेवला.

रात्र नव्हती. जानेवारीतली दुपार होती. बल्गेरियात, डॅन्यूबच्या काठी, आमच्या गावात. इथून तरुण पोरं बसमधून निघून जातात आणि म्हातारे दारावरच्या कागदावर जातात.

माणूस गेलं की आमच्याकडे त्याचं नाव आणि फोटो छापलेला काळ्या चौकटीचा कागद दारावर, झाडावर, बसथांब्यावर लावतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा. सहा महिन्यांनी पुन्हा. दोब्रिन्काचं झेरॉक्सचं दुकान या कागदांवरच चालायचं.

कॉम्प्युटर मात्र लेकीच्या ताब्यात. विहरा तिचं नाव. तिनं सगळ्या स्टाइल बनवून ठेवल्या होत्या. नावाची वेगळी, सालांची वेगळी, शोकाची वेगळी. नावावर जायचं, कंट्रोल, ऑल्ट आणि एक दाबायचं. नाव आपसूक मधोमध, मोठं, ठळक.

दोब्रिन्काला ते कधी जमलं नाही. नाव मधोमध आणायला ती स्पेसबार बडवत बसायची.

विहरा मागून जिभेनं "च्" करायची.

"आई, मिरच्यांची रोपं लावतेयस का? सरक."

आईला एकच शॉर्टकट पाठ होता. कंट्रोल झेड. केलेलं मागे घ्यायचा.

एकदा हातानं ठळक करताना दोब्रिन्काकडून गोंधळ झाला. मेला होता धाकटा भाऊ. खाली शोकाकुलांत थोरल्याचं, स्तामेनआजोबांचं नाव होतं, तेही ठळक झालं. गावानं वाचलं आणि दोघंही गेले असं धरलं. बायका म्हाताऱ्याच्या दारात दोन-दोन फुलं घेऊन हजर. आमच्याकडे जिवंत माणसाला कुणी जोडीनं फुलं देत नाही, ती मेलेल्याची. म्हातारा तरातरा दुकानात आला आणि म्हणाला, मेलोय तर मेलोय, पण घरात एवढी रकिया पडलीये, ती कुणी प्यायची?

विहरा हसून हसून लोळली. मग डोळे पुसत आईला म्हणाली, "एवढं तरी ध्यानात ठेव. ठळक फक्त गेलेला. राहिलेले बारीक."

डिसेंबरात विहराच्या पोटात दुखायला लागलं. तीन गावांना मिळून एक अँब्युलन्स. ती आली तोवर...

पुढचं लिहीत नाही. लिहायला घेतलं तर शिव्याच येतील. आणि ज्यांना द्यायच्या ते हे वाचणार नाहीत.

पहिला कागद गेंचोनं, म्हणजे दोब्रिन्काच्या नवऱ्यानं, शेजारच्या गावातून छापून आणला. दोब्रिन्कानं त्या कागदाकडे पाहिलं नाही. दारातून आत शिरताना ती मान दुसरीकडे वळवायची.

काही दिवसांनी तिनं दुकान उघडलं. पहिलं काम बेकरीवाल्याच्या सासूचं. तिनं नाव टाइप केलं आणि सवयीनं स्पेसबार बडवायला घेतला. मध्येच बेकरीवाल्याचा फोन आला म्हणून पाठ वळवली.

मागे आवाज आला...

च्.

आणि मग, टक.

ती वळली. स्पेस गायब होते. नाव मधोमध, मोठं, ठळक.

दुकानात कुणी नव्हतं. दाराची घंटा वाजली नव्हती. फक्त मागची खुर्ची... विहराची... थोडी पुढे सरकलेली.

दुसरी असती तर किंचाळत रस्त्यावर पळाली असती. दोब्रिन्कानं हात मांडीवर ठेवले आणि हळूच म्हणाली, "पुन्हा कर."

काहीच झालं नाही. मग तिला उमगलं. तिनं पुढच्या कागदावर मुद्दाम चुका केल्या. वेडेवाकडे स्पेस. उगाच एंटर. सालं एका टोकाला, शोक दुसऱ्या टोकाला.

च्... टक. टक.

सगळं जागेवर.

त्या दिवसापासून बाई जेवायला घरी जाईना. कामं नसली की जुने कागद उघडून बिघडवत बसे. कुणी आत आलं तर घाईघाईनं परत पाठवी. गेंचो डब्यात घेवड्याचं सूप घेऊन यायचा आणि भरलेलाच डबा परत न्यायचा. त्याला वाटलं, बायकोचं डोकं फिरलं.

शेवटी तो दारातच उभा राहिला. शनिवारी चाळिसावा आहे, पाद्री येणार, तिच्या नावाचे गहू उकडायचे आहेत, आणि लोक विचारताहेत की कागद कुठाय, असं सगळं सांगून झालं. ती ऐकतच नव्हती.

"अख्ख्या गावाचे मेलेले छापलेस," तो म्हणाला. "आपलीच जड झाली होय तुला?"

ती पुढचा कागद बिघडवत राहिली. तिला माहीत होतं, आमच्यात म्हणतात की आत्मा चाळीस दिवस घरात-दारात घुटमळतो. मग निघतो. कागद लावणं म्हणजे निरोप देणं. तिला निरोप द्यायचा नव्हता.

शुक्रवारी दुपारी तिनं शटर अर्धं ओढलं आणि नवा कागद उघडला. लेकीचं नाव टाइप केलं. साधं, बारीक, डाव्या कडेला.

च्.

टक. नाव मधोमध. मोठं. ठळक.

दोब्रिन्कानं कंट्रोल झेड दाबलं. 

नाव पुन्हा बारीक.

टक. ठळक.

कंट्रोल झेड.

टक.

कंट्रोल झेड.

बाहेर उजेड उतरत गेला. आत मायलेकी भांडत होत्या. एक म्हणत होती, मी गेलेय. दुसरी म्हणत होती, नाही. आवाज फक्त बटणांचा.

शेवटी दोब्रिन्काची बोटं वळेनात. तिनं कपाळ कीबोर्डवर टेकलं.

"दमले गं बाळ," ती म्हणाली.

शांतता.

तिनं मान वर केली. नाव बारीकच होतं. ती वाट बघत बसली. च् नाही. टक नाही. मागची खुर्चीही हलली नाही. पोरगी थांबली होती. आईला आणखी त्रास नको म्हणून थांबली होती.

तेव्हा दोब्रिन्कानं जन्मात पहिल्यांदा स्वतः कंट्रोल, ऑल्ट आणि एक दाबलं.

नाव जागेवर बसलं. एकही स्पेस नाही.

आणि दाराची घंटा वाजली... आतून कुणी बाहेर जावं तशी. शटर अर्धं तसंच होतं.

त्यानंतर तिनं किती चुका केल्या. सगळ्या तशाच राहिल्या.

इथं संपलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

जूनमध्ये सहा महिने भरले. दोब्रिन्कानं तोच कागद उघडला, चाळीस दिवस खोडून सहा महिने केलं आणि प्रिंट काढला. कागद हातात घेतला आणि तिथंच थांबली.

खाली, शोकाकुलांच्या ओळीत, गेंचोचं नाव बारीक.

तिचं स्वतःचं ठळक.

तिनं केलं नव्हतं. तिनं ते बारीक केलं. स्क्रीनकडे बघत राहिली.

टक.

पुन्हा ठळक.

तिनं मला हे सांगितलं. मी विचारलं, ही माया म्हणायची की बोलावणं?

"मला दोन्ही चालेल," ती म्हणाली.

तो कागद तिनं तसाच दारावर लावला. गेंचो ओरडला, मी हातापाया पडलो. काढला नाही. परवा पलीकडच्या गल्लीतली एक म्हातारी तो वाचून दार ठोठावायला आली. हातात दोन कार्नेशन. दार दोब्रिन्कानंच उघडलं. म्हातारी पांढरीफटक पडली.

दोब्रिन्कानं दोन्ही फुलं घेतली. आभार मानले. पाण्यात ठेवली.

ती धडधाकट आहे. डॉक्टर तसंच सांगतात, पण या गावात डॉक्टरांच्या बोलण्यावर कोण विसंबतो? मी रोज सकाळी तिच्या दुकानावरून चक्कर मारतो. शटर वर गेलेलं दिसलं की मगच कामाला जातो.