पांढरं समुद्राकडे

वाटेत सायकल आडवी पडलेली आणि सायकलवाला कुठेच नाही! तिने दोन्ही ब्रेक एकदम आवळले. मागचं चाक घसरलं आणि ती काटेरी झुडपांत जाता जाता वाचली.

"ओ, कोण ते? अंथरूण वाटलं की काय वाट म्हणजे तुमच्या सायकलला?"

कमरेएवढ्या झुडपांतून एक डोकं वर आलं. केसांत काटक्या, गालावर ओरखडा.

"माफ करा हं... खुंटी शोधतोय."

"का? म्हैस सुटली?"

"नाही," तो गंभीरपणे म्हणाला, "समुद्र सुटलाय."

तो नवा वनरक्षक होता. माळ जिथे संपतो तिथे मातीचा उंच कडा होता, खाली समुद्र, आणि समुद्र तो कडा खालून पोखरत चालला होता. किती ढासळला ते कळावं म्हणून त्याने कड्याच्या काठाकाठाने लाकडी खुंट्या ठोकल्या होत्या. आता मोजायला आला, तर एकही खुंटी दिसेना.

"म्हणजे मातीच्या रंगाच्या खुंट्या मातीत ठोकल्यात?"

"...हो."

"नोकरी पक्की आहे ना तुमची? नाही, आपलं विचारलं."

तो हसला. वाऱ्याने तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून, नाहीतर तिने नजर अशी घाईने वळवली नसती.

या वाटेवर मोटार चालत नव्हती. पूर्वी इथून आगगाडी जायची. गाडी बंद पडली, रूळ उखडले, आणि उरलेल्या पट्ट्यावर तिच्या बाबांनी सायकलींची वाट केली. आधी माळावरून, मग कड्याला लागून, मग वळून सुरूच्या बनातून थेट पलीकडच्या मोठ्या रस्त्यापर्यंत. त्यांच्या बायकोला त्याच मोठ्या रस्त्यावर ट्रकने उडवलं होतं, सायकलसकट. तेव्हापासून या माणसाने चार चाकांशी दावा मांडला. वाटेच्या तोंडाशी लोखंडी दांडा घातला, शेजारी पत्र्याची शेड टाकली, तिच्यामागेच राहायच्या खोल्या. लांबलांबून सायकलवर सामान बांधून माणसं यायची. त्यांची पंक्चरं काढायची, वाकडी चाकं सरळ करायची, नसेल त्याला भाड्याने सायकल द्यायची. बाप-लेकीचं पोट त्यावर होतं.

कड्यापाशी धुकं फार. म्हणून बाबांनी वाटेच्या समुद्राकडच्या अंगाला पांढरे दगड लावले होते. रंग ते स्वतः कालवायचे. निव्वळ पांढरा धुक्यात हरवतो, म्हणून त्यात चिमूटभर पिवळा. सायीसारखा दिसायचा. निघणाऱ्या प्रत्येकाला शेडमधून एकच गोष्ट बजावली जायची – धुकं आलं तर पांढरं समुद्राकडे ठेवा, पुढे पांढरं दिसेल तसं जा, काही होत नाही.

"थांबा इथेच," ती वनरक्षकाला म्हणाली. शेडमध्ये जाऊन ती बाबांच्या रंगाचा अर्धा डबा आणि दोन ब्रश घेऊन आली.

दुपारभर दोघांनी गुडघ्यांवर रांगत खुंट्या शोधल्या आणि रंगवल्या. एका खुंटीला दोन्ही ब्रश एकदमच लागले.

"ही माझी," तो म्हणाला.

"रंग कुणाचा?"

"बरं, अर्धी तुमची."

"खुंटीवाले," ती म्हणाली, "तुमच्या नाकाला रंग लागलाय."

"फिटरबाई, तुमच्याही."

लागला नव्हता. तरी तिने नाक पुसलं – आणि मग लागला.

त्यानंतर त्याच्या सायकलला रोज काहीतरी व्हायला लागलं. कधी साखळी करकरे, कधी ब्रेक लागेना. बाबा पान्ह्याने नट आवळत, मान वर न करता म्हणायचे, "काय गं, ही सरकारी सायकल मातीची केलीय का? इतकी तकलादू वस्तू मी जन्मात पाहिली नाही."

"तुम्हीच दुरुस्त करून द्या मग, बाबा."

"माझ्या हातून नाही व्हायची ती दुरुस्त."

संध्याकाळी शेड बंद झाली की दोघं बनातून फेरी मारायची. मोटारीची भीती नाही, म्हणून शेजारी-शेजारी सायकल चालवता यायची. सुरूच्या वाळल्या काड्यांवर टायरचा आवाजही होत नसे. समोर बघत बोलायचं असतं ना, त्यामुळे जे तोंडावर बोलवलं नसतं ते इथे सहज बोललं जाई. आई गेली तेव्हा ती रडली नव्हती, हे तिने त्यालाच पहिल्यांदा सांगितलं. त्याने पायडल मारणं थांबवलं, आणि दोन्ही सायकली बराच वेळ नुसत्या आपल्या वेगाने घरंगळत राहिल्या... 

मग ती धुक्याची दुपार आली.

दोन प्रवासी यायचे राहिले होते. ती आधी आलेल्या एकाच्या चाकाच्या तारा बदलत बसली होती.

"तू चाक पुरं कर," बाबा म्हणाले, "मी बघून येतो."

प्रवासी आपले आपण आले, बनात विसावलो होतो म्हणाले. बाबा आले नाहीत.

वाट जिथे कडा सोडून बनाकडे वळते, तिथे बाबांचे दगडही वळत होते. खुंट्या मात्र सरळ काठाने गेलेल्या. धुक्यात बाबा खुंट्यांच्या मागोमाग गेले. पावसाने आत पोकळ झालेला काठ सायकलसकट खाली बसला. वनरक्षकाने त्यांना शोधलं, दोर बांधून खाली उतरला, पाठीवर घेऊन वर आणलं. जीव वाचला. पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलं.

चौकशीला साहेब आले. शेडमध्ये, लोंबकळणाऱ्या टायरांखाली उभे राहून त्यांनी विचारलं, "खुंट्या कुणाच्या?"

"माझ्या," वनरक्षक म्हणाला.

"त्या पांढऱ्या करायची अक्कल कुणाची?"

"माझीच."

"रंग?"

"माझा."

ती तिथेच होती. हातात पान्हा होता. तिने तोंड उघडलं... आणि आतल्या खोलीतून बाबांचं कण्हणं आलं. तोंड मिटलं. वनरक्षकाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि त्या न पाहण्यानेच तिला सगळं सांगितलं.

घरात आत्या राहायला आली. बाबांची मोठी बहीण, तोंडाची तिखट. बादली आपटत म्हणायची, "मेल्याला दुसरा रंग मिळाला नाही? लाल फासायचा, काळा फासायचा! माझ्या भावाचे पाय खाल्ले त्यानं. आणि तू कशाला रडतेस आता? भाजी कर."

बाबा काही बोलायचे नाहीत. छताकडे बघत पडून राहायचे. ती त्यांना कुशीवर वळवायची, पाठ पुसायची, पुन्हा वळवायची. दर वेळी वाटायचं, आता सांगावं. दर वेळी ती चादर सारखी करून उठायची. सांगितलं तर हा माणूस आपल्याकडे कधी तरी बापासारखा बघेल का? आणि न सांगावं, तर तिकडे दुसऱ्या एका माणसाचं आयुष्य आपल्या नावावर खर्ची पडतंय.

एका सकाळी आत्या बातमी घेऊन आली. "चालला एकदाचा! बदली झाली. कुठेशी लांबच्या जंगलात टाकलाय. आज दुपारी ट्रक येणार म्हणे सामान न्यायला."

तिच्या हातातलं पाण्याचं भांडं कलंडलं. बाबांची चादर भिजली.

"बाबा," ती म्हणाली, "तो रंग..."

"माझ्या डब्यातला होता."

तिने भांडं खाली ठेवलं.

"माझा रंग मला ओळखू येणार नाही? असा पिवळा दुसरा कोण घालतो?" बाबा छताशीच बोलत होते. "धुक्यात पुढे पांढरं दिसलं. सरळ जाणारं. म्हटलं, इथे तर वळण हवं. मग जवळ गेलो, रंग बघितला, आणि म्हटलं – पोरीनं वाट नवी आखली असेल. कडा ढासळतोय, तिनं बघितलं असेल, विचार केला असेल. म्हणून गेलो."

ती पलंगाच्या कडेला खाली बसली.

"मग... इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तू बोलतेस का, ते बघत होतो." त्यांचा आवाज कोरडा होता. "तो तुझं नाव घेत नाही, तू स्वतःचं घेत नाहीस. पाय गेले त्याचं दुखत नाही. तिथे काही कळतच नाही मला. हे मात्र दुखायचं."

आत्या दारात उभी होती, पदराने तोंड झाकून.

मग बाबा म्हणाले, "त्याला या घरात आणायचं नाही. मला त्याचं तोंड बघायचं नाही."

"नाही आणणार."

"पण तू आता उठून गेलीस, तर तुला अडवायला मी काही धावत येणार नाही." त्यांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. त्याला हसू म्हणायचं की नाही, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. "जा. चादर बदलून जा."

कड्याजवळची वाट आता बंद होती. फळ्या ठोकल्या होत्या. ती माळाला वळसा घालून, सायकल कधी चालवत कधी ढकलत बनात शिरली आणि पार शेवटाला, मोठ्या रस्त्यापाशी वनखात्याची चौकी होती तिथे पोचली. ट्रक उभा होता. वनरक्षक पायरीवर बसून ट्रंकेला दोरी बांधत होता. तो खूपच वाळला होता.

"बाबांना माहीत होतं," ती धापा टाकत म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

दोरी त्याच्या हातातून सुटली.

"कशाला खोटं बोललात तुम्ही?"

"तुला त्यांच्या उशाशी बसायचं होतं," तो म्हणाला. "मला काय... कुठेही बसता आलं असतं."

तो तिला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. तिला ते जाणवलं, आणि इतक्या दुःखात असं काही जाणवावं याची तिला लाजही वाटली.

"साहेबांकडे जाऊन मी सांगणार आहे, रंग माझा म्हणून."

"सांग. बदली काही थांबायची नाही. खुंट्या माझ्याच होत्या."

"तरी सांगणार. आणि तुम्ही मला आवडता हे सांगायला आले नाही मी. ते तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्या दिवशी मी गप्प बसले... हे बघूनही मी तुम्हाला आवडत असेन, तर..."

"तर?"

"तर तुम्ही अगदीच वेडे आहात."

"त्यात काही शंका होती तुला?"

ती हसली, आणि हसता हसता हमसून रडायला लागली. त्याने तिचे हात धरले. ग्रीसने काळे झालेले, नखं तुटलेले हात. सुरूच्या शेंड्यांतून झिमझिम पाणी गळत होतं. ट्रकवाला पलीकडे तोंड करून उभा राहिला. भला माणूस होता.

"चल माझ्याबरोबर," तो म्हणाला.

"बाबांना थोड्या थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागतं. आत्याला एकटीला जमत नाही."

"मग नंतर ये. मी थांबेन. कधी येशील?"

प्रश्न तोंडातून गेला, आणि दोघांनाही तो ऐकू आला. त्याचं उत्तर एकच होतं, बाबा गेल्यावर, आणि ते दोघांनाही नको होतं. त्याचा चेहरा उतरला.

"मी विचारलंच नाही असं समज," तो हळूच म्हणाला.

"बरं."

ट्रकवाल्याने नाइलाजाने हॉर्न वाजवला. वनरक्षकाने ट्रंक चढवली, वर आपली सायकल चढवली. मग परत खाली उतरून तिच्यापाशी आला.

"मीच येत जाईन. रजा मिळेल तशी. घरात नाही येणार, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहीन."

"बाबा आतून शिव्या घालतील."

"घालू देत," तो म्हणाला. "नीट ऐकू येतील इतक्या जवळ उभा राहीन."

ट्रक मोठ्या रस्त्याला लागला. ती वाटेच्या टोकाशी थोडी थांबली. मग तिने सायकल वळवली. वारा आता समोरून होता. बाबांना वळवायची वेळ होत आली होती, म्हणून ती सीटवर न बसता, उभ्यानेच पायडल मारत निघाली.