भर दुपारचा पाट

सिनेमा सुटला तेव्हा मी इतकी चिडले होते, की दारात हार घालून उभ्या असलेल्या माणसाला सरळ जाऊन विचारलं, “ही गोष्ट तुम्हीच लिहिलीत?”

छप्पन साल, पौषातली दुपार. जळगावात ‘उशिराची वरात’ लागला होता. गोष्ट आपल्याच गावच्या प्रोफेसरांची, म्हणून थिएटरवाल्याने त्यांना कोट घालायला लावून, गळ्यात झेंडूचा हार अडकवून दारात उभं केलं होतं. लीलाधर भदाणे. बेचाळिशीचे, कानांवरचे केस पांढरे, आणि चेहऱ्यावर असा संकोच, जणू हेच तिकीट न काढता आत शिरले होते.

“लिहिली मीच,” ते म्हणाले. “काही... चुकलं का?”

“तुमची मास्तरीण चुकली. सिनेमाभर रडतेच आहे. मीही विधवा आहे, मीही मास्तरीण आहे. मला शाळा असते, पाणी भरायचं असतं, पोरींच्या वह्या असतात. तुमच्या मालतीला रडायला एवढा वेळ मिळतो कुठून?”

मागे बायकांची रांग खोळंबली. ते मात्र मन लावून ऐकत होते, याचाही मला राग आला.

“मग तिनं काय करायला हवं होतं?”

“जेवायला हवं होतं. अख्ख्या सिनेमात बिचारी एकदाही जेवत नाही.”

ते हसले. हारातली एक पाकळी माझ्या खांद्यावर पडली. ती उचलायला त्यांनी हात पुढे केला... आणि अर्ध्यातूनच मागे घेतला. मीच ती झटकली आणि घरची, पिंप्राळ्याची वाट धरली. कान मात्र गरम झाले होते, उन्हाने म्हणावं तर ऊन मवाळच होतं.

आठवड्याने शाळेच्या पोरींना घेऊन मेहरूणच्या तळ्यावर गेले, तर हे बोरीच्या झाडाखाली कागद मांडीवर घेऊन बसलेले. कागद कोरा. मी विचारलं, “नवीन गोष्ट?”

“कादंबरी. सहा वर्षं झाली. पहिलं पान वीस वेळा लिहून झालंय. दुसरं अजून एकदाही नाही.”

“म्हणजे सिनेमातला तो वेंधळा प्रोफेसर...”

“मीच. फक्त तो वेंधळेपणा करतो तेव्हा लोक हसतात. मी केला की प्राचार्य बोलावून घेतात.”

मी ओंजळभर बोरं त्यांच्या कोऱ्या कागदावर ठेवली. म्हटलं, “कागद कशाच्या तरी कामी येऊ दे.”

“बाई, तुम्ही रोज येत जा. दुसरं पान होईल.”

“रोज यायला मी काय शाई आहे?”

“नाही,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून उगीचच पुसत बसले. “शाई रागावत नाही.”

मी रोज गेले नाही. पण रविवार चुकवला नाही. त्यांची बायको जाऊन आठ वर्षं झाली होती, माझा नवरा जाऊन पंधरा. मागेपुढे मला कोणी नव्हतं. एका रविवारी त्यांनी विचारलं, “यशोदाबाई, माझ्याशी... म्हणजे तुम्हाला चालत असेल तर...” वाक्य काही पुरं झालं नाही. मी म्हटलं, “चालेल.” प्रेम तर मला त्या हाराच्या दिवसापासूनच होतं, उगाच कशाला लपवू.

अडचण होती ती त्यांच्या काकांची, जीवराम आबांची. धुळ्याकडे त्यांचं गाव, आणि घरात त्यांचाच शब्द चाले. आबांचं मन वळवायला प्रोफेसर त्यांना आपला सिनेमा दाखवायला घेऊन आले. मी पलीकडे बायकांच्या बाजूला बसले होते. शेवटी पडद्यावरचा प्रोफेसर दिवसाढवळ्या, वाजतगाजत मालतीला घेऊन जातो, तेव्हा पुरुषांच्या बाजूने आबांच्या टाळ्या ऐकू आल्या, आवाज खणखणला, “वा रे पठ्ठ्या! आसं लगीन पाहिजे!” बाहेर आले तर पागोट्याच्या टोकाने डोळे पुसत होते. मला जवळ बोलावलं, डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “पोर चांगली शे.” मी त्या रात्री भाकरीऐवजी पुरणाची पोळी केली, एकटीसाठी.

पुढच्या रविवारी तळ्यावर प्रोफेसर आले ते मान खाली घालून.

“आबांनी होकार दिला,” ते म्हणाले. “येत्या शुक्रवारी. आमच्या गावी. रात्री.”

आमच्यात विधवेचं पुन्हा लग्न होतं, त्याला पाट म्हणतात. पण तो लागतो रात्री, गाव निजल्यावर. वाजंत्री नाही, बाशिंग नाही, आणि सवाष्ण बाईने त्या वेळी नवरीचं तोंडही बघायचं नाही. चोरीचा माल आत घ्यावा, तशी बाई घरात घ्यायची. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण हे माझ्या वाट्याला, आणि तेही या माणसाकडून येईल असं वाटलं नव्हतं.

“आबांनी टाळ्या वाजवल्या होत्या,” मी म्हटलं.

“मीही तेच म्हणालो. ते म्हणाले, ‘तो खेळ शे, हाई घर शे. पाट रातलेच लागस. बठ्ठा गाव हासी आपलाले.’ सगळं गाव हसेल म्हणतात.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. मग हळूच, “बाई, शेवटी तो सिनेमा होता...”

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. “मालतीला दिवसा नेलंत ना? जी जन्मली नाही तिच्यासाठी बँड, आणि मी हाडामांसाची, तर माझ्यासाठी काळोख? मी काय गुन्हा केलाय? नवरा मेला, तो मी मारला होता? एवढ्या पोरींना मी मान वर करून चालायला शिकवते, आणि स्वतः रात्री तोंड लपवून तुमच्या दारात येऊ?”

“यशोदा...”

“बाई म्हणा. दिवसा यायचं धैर्य असेल तर या. नाहीतर लिहीत बसा पहिलं पान.”

शुक्रवार गेला. आणखी दोन रविवार गेले. मी तळ्याकडे फिरकले नाही. शाळेत नीट शिकवलं, घरी नीट जेवले, आणि जेवताना प्रत्येक घासाला त्यांचा राग राग केला. राग नुसता राग असता तर बरं झालं असतं. खिडकीखालून कोणाच्या चपला वाजल्या की मी उठून बघत होते.

मग एका दुपारी, सूर्य डोक्यावर असताना, गल्लीत गलका झाला. बघते तर प्रोफेसर रस्त्याच्या मधोमध चालत येत होते, कपाळाला बाशिंग बांधून. बेचाळिशीचा माणूस, कॉलेजापासून तसाच पायी आलेला, घामाने चष्मा नाकावर घसरलेला. मागे कॉलेजातली पाच-सहा पोरं फिदीफिदी हसत होती. त्यांच्या मागे भटजी, आणि सगळ्यांत मागे छत्री घेतलेले आबा, “मी काय करू? मन्हं आयकतच नही तो,” असं ज्याला त्याला सांगत.

गल्लीतल्या बायकांनी पटापट दारं लावली. सवाष्णी त्या सगळ्या.

प्रोफेसर पायरीशी थांबले. “काल पुन्हा बघितला तो सिनेमा,” ते म्हणाले. “शेवटी लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि मला तिथं बसवेना. बाई, मी भित्रा आहे. पण तुमच्यावर माझं प्रेम आहे, आणि ते मला अंधारात सांगायचं नाहीये.”

मी उंबरठा ओलांडून पायरीवर उतरले.

तेवढ्यात माझी घरमालकीण भिकुबाई कुंकवाची कोयरी घेऊन बाहेर आली. नवरा, पोरं, सुना सगळं असलेली बाई. आबा घाईने दाराकडे बोट दाखवत म्हणाले, “अक्का, तुम्ही मधमा जा.”

“काहून?” भिकुबाई म्हणाली. “मी हिचं तोंड रोज पाह्यते. आजच काय झालं त्याले?” आणि माझी हनुवटी धरून तिने माझा चेहरा सरळ उन्हाकडे वळवला. समोरचं एक दार किलकिलं झालं, बाकीची बंदच राहिली.

आबांनी छत्री मिटली. एवढंसं तोंड करून म्हणाले, “बरं बेटा. पन मुहूर्त तरी सांजना धरा.”

मी प्रोफेसरांचा घसरलेला चष्मा सर्वांदेखत नीट बसवला. “नको आबा,” मी म्हणाले. “ऊन आहे तोवरच. मला सगळ्यांना दिसायचंय.”